माझदाचं रोटरी इंजिन घरी बांधलेल्या विमानात: चालतं का, आणि चालवायचं तर काय काय लागतं

२०२३ मध्ये माझदाने एमएक्स-३० आर-ईव्ही या गाडीत रोटरी इंजिन परत आणलं, त्याच वर्षी टोकियोच्या शोमध्ये रोटरीवाली आयकॉनिक एसपी ही कन्सेप्ट कार दाखवली आणि तेव्हापासून या इंजिनाबद्दल परत बोललं जायला लागलंय. आपल्याकडे माझदा म्हटलं की स्वराज माझदाची बस आठवते, त्यांच्या रोटरी गाड्या इथे कधी विकल्याच गेल्या नाहीत, त्यामुळे माझदाच्या जुन्या आरएक्स-७ या रोटरी गाडीचं इंजिन काढून कुणी स्वतः बांधलेल्या विमानाला लावलं आणि ते वर्षानुवर्षं उडवतंय हे ऐकलं की पहिली प्रतिक्रिया "काहीही काय" अशीच असते. पण हे खरं आहे, अमेरिकेत हे दशकानुदशकं चाललंय. का करतात, कसं करतात, कुठे फसतं, ते नीट सांगायचा प्रयत्न करतोय, इंजिनिअरिंग न शिकलेल्या माणसालाही कळेल असं.

आधी, घरी विमान बांधायला परवानगी असते का?

अमेरिकेत असते. तिथे 'एक्सपेरिमेंटल अमॅच्युअर-बिल्ट' असा एक वर्ग आहे, त्यात अट एकच महत्त्वाची, विमानाचं निम्म्याहून जास्त काम बिल्डरने स्वतः, शिकण्यासाठी किंवा हौस म्हणून केलेलं असलं पाहिजे. लोक किट विकत घेतात, गॅरेजमध्ये काही वर्षं रिव्हेट मारत बसतात, मग सरकारी तपासणी होते. या वर्गात इंजिन सर्टिफाइड, म्हणजे विमानासाठी सरकारने मंजूर केलेलं, असायलाच हवं असं नाही आणि सगळा खेळ इथेच सुरू होतो. सर्टिफाइड इंजिन आणि त्याला मंजूर असलेला प्रोपेलर लावला तर चाचणी उड्डाणं साधारण २५ तासांची, गाडीचं इंजिन लावलं तर ४० तासांची. हे तास ठरवून दिलेल्या भागातच, वस्तीपासून दूर, प्रवासी न घेता काढायचे. म्हणजे नियम तुम्हाला अडवत नाही, तो फक्त म्हणतो की आधी सिद्ध करून दाखवा.

आपल्याकडे हा रस्ता फार खडतर आहे. मुंबईच्या कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीतल्या इमारतीच्या गच्चीवर सहा आसनी विमान बांधलं, २०१६ च्या मेक इन इंडिया सप्ताहात ते लोकांनी बघितलं, पण डीजीसीएची, म्हणजे नागरी विमानांवर देखरेख करणाऱ्या सरकारी खात्याची, नोंदणी मिळायला नोव्हेंबर २०१७ उजाडलं. त्यांच्या विमानाचा रोटरीशी संबंध नाही, पण घरी बांधलेलं विमान ही काय चिकाटीची गोष्ट असते ते त्यावरून लक्षात यावं.

रोटरी आतून कसं असतं

नेहमीच्या इंजिनात पिस्टन वर-खाली होतो, कनेक्टिंग रॉड त्या वर-खालीचं गोल फिरणं करतो, वर व्हॉल्व्ह उघडझाप करत असतात. रोटरीत यातलं काहीच नाही. फुगीर बाजूंचा एक त्रिकोण असतो, तो रोटर. तो मधे किंचित आवळलेल्या लंबगोल पोकळीत फिरतो, त्या पोकळीच्या भिंतीला हाउसिंग म्हणतात. त्रिकोणाची तिन्ही टोकं कायम भिंतीला टेकलेली, त्यामुळे रोटर आणि भिंत यांच्यात तीन वेगवेगळे कप्पे तयार होतात आणि रोटर फिरतो तसे ते मोठे-छोटे होत राहतात. एका कप्प्यात हवा-पेट्रोल आत येतंय, दुसऱ्यात ते दाबलं जाऊन पेटतंय, तिसऱ्यातून धूर बाहेर पडतोय, सगळं एकाच वेळी. धूर आणि हवेसाठी भिंतीला नुसती भोकं असतात, रोटर जाता जाता ती उघडतो आणि झाकतो, व्हॉल्व्हची गरजच उरत नाही.

रोटरच्या पोटातून जो शाफ्ट जातो तो मधोमध नसून थोडा बाजूला सरकवलेला असतो, आणि रोटरची एक फेरी झाली की शाफ्टच्या तीन होतात. हा आकडा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. माझदाच्या १३बी या सगळ्यात प्रसिद्ध इंजिनात असे दोन रोटर आहेत, प्रत्येकी ६५४ सीसी, मिळून १३०८. मुख्य फिरणारे भाग मोजायचे तर दोन रोटर आणि एक शाफ्ट, बस.

(पहिल्या महायुद्धातल्या विमानांच्या इंजिनांनाही रोटरी म्हणायचे, पण त्यात सगळे सिलिंडरच गरगर फिरायचे. ती गोष्ट वेगळी, नाव तेवढं सारखं.)

मूळ कल्पना जर्मनीच्या फेलिक्स वांकेलची, एनएसयू कंपनीत १९५७ मध्ये पहिलं इंजिन चाललं. माझदाने १९६१ मध्ये लायसन्स घेतलं आणि केनइची यामामोतो यांच्या हाताखाली ४७ इंजिनिअर या एका कामाला लावले. त्यांना पहिली मोठी अडचण आली ती रोटरच्या टोकांची. त्या टोकांवर धातूची एक बारीक पट्टी बसवलेली असते, आतला दाब शेजारच्या कप्प्यात जाऊ नये म्हणून, तिला अपेक्स सील म्हणतात. ही पट्टी भिंतीवरून जाताना थरथरायची आणि हाउसिंगच्या आत नखाने ओरबाडल्यासारखे आडवे ओरखडे उठायचे, जपानी इंजिनिअर त्यांना सैतानाच्या नखांचे ओरखडे म्हणायचे. ॲल्युमिनियम मुरवलेल्या कार्बनची पट्टी वापरून तो प्रश्न सुटला आणि १९६७ मध्ये कॉस्मो स्पोर्ट बाजारात आली. त्याच वर्षी एनएसयूनेही रो ८० काढली, तिची इंजिनं मात्र लवकर जायला लागली आणि कंपनीचं नावच त्यात गेलं. एकच इंजिन, एकाने निगुतीने सोडवलं, दुसऱ्याने घाई केली. विमानवाल्यांच्या बाबतीतही पुढे हेच दिसतं.

विमानवाल्यांना यात काय दिसलं

छोट्या विमानात वर्षानुवर्षं लायकॉमिंग कंपनीची इंजिनं असतात. ओ-३२० घ्या, १९५० च्या दशकातलं डिझाइन, पाच लिटरहून मोठं, हवेने थंड होणारं, २७०० आरपीएमला (मिनिटाला २७०० फेऱ्या) १५०-१६० हॉर्सपॉवर. दणकट आहे, खात्रीचं आहे, दोन हजार तासांनी ओव्हरहॉल. पण नवं घ्यायचं तर आपल्या पैशात तीस लाखांच्या पुढेच जातं, आणि एक सिलिंडर बदलायचा म्हटलं तरी खिसा रिकामा होतो. भंगारातल्या आरएक्स-७ चं १३बी याच्या अगदी थोड्या पैशात मिळायचं, नीट ट्यून केलं की तेवढीच १६०-१८० हॉर्सपॉवर देतं आणि आकाराने एवढं छोटं की दोघांनी मिळून बाकावर ठेवता येतं.

पण पैसा हे अर्धंच कारण आहे. खरं आकर्षण आहे ते बंद पडण्याच्या पद्धतीचं. पिस्टन इंजिनात व्हॉल्व्ह तुटला किंवा रॉड सुटला तर क्षणात सगळं जाम होऊ शकतं, कधी रॉड ब्लॉक फोडून बाहेर येतो. रोटरीत तुटायला व्हॉल्व्ह नाही, रॉड नाही, टायमिंग बेल्ट नाही. एखादं अपेक्स सील गेलं तर ताकद कमी होते, इंजिन खडखडतं, पण बऱ्याचदा फिरत राहतं, आणि जमिनीपासून हजारो फुटांवर असलेल्या माणसाला 'फिरत राहतं' हे दोन शब्द फार मोलाचे असतात. शिवाय माझदाने प्रत्येक रोटरला दोन स्पार्क प्लग दिलेत. गाडीत ते पेट्रोल पूर्ण जळावं म्हणून, पण विमानात इग्निशन डबल असावं हा जुना दंडक आहे, तो इथे आपोआप पाळला जातो.

गाडीचं इंजिन तासनतास फुल पॉवरवर टिकेल का?

ही शंका सगळ्यात आधी येते आणि रास्त आहे. गाडी हायवेला वीस-तीस हॉर्सपॉवरवर निवांत पळते, विमान मात्र टेक-ऑफला पूर्ण ताकद मागतं आणि पुढेही सलग साठ-सत्तर टक्के. बऱ्याच कार इंजिनांसाठी हे जड जातं. रोटरीचं वेगळं आहे, कारण तो तीनचा आकडा. शाफ्ट ६००० आरपीएमने फिरत असतो तेव्हा रोटर फक्त २००० ने फिरत असतो, आणि तोही थांबून उलटा न जाता एकाच दिशेने. मेटलवर येणारा ताण त्या मानाने कमी.

पुरावा हवा असेल तर १९९१ ची ल मॉन्सची २४ तासांची रेस आहे. माझदाची ७८७बी चार रोटरच्या इंजिनावर ३६२ लॅप मारून जिंकली, ४९०० किलोमीटरहून जास्त, एका दिवसात. विमान चालवणारा माणूस एवढं कधीच मागत नाही.

मग ६००० आरपीएम प्रोपेलरला कसे द्यायचे?

थेट द्यायचेच नाहीत. साधं गणित करू. सहा फुटी प्रोपेलर २७०० आरपीएमने फिरला तर त्याचं टोक सेकंदाला साधारण २६० मीटरने हवा कापतं. तोच ६००० ने फिरवला तर ५७५ मीटर, म्हणजे आवाजाच्या वेगाच्या कितीतरी पुढे. तिथे प्रोपेलर हवा मागे ढकलण्याऐवजी नुसता बोंबलतो, ताकद वाया जाते. म्हणून मधे गिअर लागतो, त्याला रिडक्शन ड्राइव्ह म्हणतात.

रोटरीवाल्यांनी यासाठी फार चांगली वाट काढली, फोर्डच्या ऑटोमॅटिक ट्रान्समिशनमधला प्लॅनेटरी गिअर संच घेऊन त्याभोवती ड्राइव्ह बनवली. मधे एक छोटा गिअर, त्याच्याभोवती फिरणारे गिअर, बाहेर दातेरी कडं. जोर एकाच दातावर न येता वाटला जातो म्हणून छोट्या डब्यात भरपूर ताकद मावते. असे ड्राइव्ह साधारण २.१७ ला १ आणि २.८५ ला १ या दोन प्रमाणांत वापरले गेलेत. पहिल्याने ६००० चे सुमारे २७५० होतात, दुसऱ्याने २१००, आणि दुसरा घेतला तर मोठा, हळू फिरणारा, जास्त खेचणारा प्रोपेलर लावता येतो, टेक-ऑफला इंजिन आणखी वर नेता येतं. प्रोपेलरची ओढ, विमान वळताना येणारे झटके, सगळं या ड्राइव्हच्या बेअरिंगवर येतं, इंजिनाच्या शाफ्टवर नाही.

इथे धोका असतो तो पिळाच्या थरथरीचा. इंजिन ताकद धक्क्याधक्क्याने देतं, प्रोपेलर जड चाकासारखा सलग फिरू बघतो, आणि या दोघांच्या मधे अडकलेला शाफ्ट प्रत्येक धक्क्याला जरासा पिळला जातो. त्या पिळाची लय एखाद्या आरपीएमला नेमकी जुळली तर गिअरचे दात काही तासांत जातात. पिस्टन इंजिनावरच्या कित्येक घरगुती ड्राइव्ह अशाच मेल्यात. रोटरीत एकेक पॉवर स्ट्रोक शाफ्टच्या २७० अंशांपर्यंत पसरलेला असतो, पिस्टनमध्ये १८०, म्हणजे धक्के मऊ. तरीही मधे रबरी बुशांचा डॅम्पर लागतोच, आणि जोरात थरथर होते ती आरपीएम आयडलच्या, म्हणजे इंजिन नुसतं चालू असतानाच्या सगळ्यात कमी वेगाच्याही खाली ढकलावी लागते, जेणेकरून इंजिन तिथे कधी रेंगाळणार नाही. स्वतः ड्राइव्ह डिझाइन करायच्या भानगडीत पडू नये असं माझं स्पष्ट मत आहे. ज्या ड्राइव्हवर इतरांनी शेकडो तास काढलेत तीच घ्यावी.

सगळ्यात जास्त प्रोजेक्ट कुठे अडकतात? उष्णतेत

इंजिन मिळालं, ड्राइव्ह बसली, पहिल्यांदा चालू केल्यावर सगळे टाळ्या वाजवतात, आणि मग टॅक्सी करता करताच, म्हणजे विमान जमिनीवरून धावपट्टीकडे नेतानाच, तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकायला लागतो. रोटरीच्या विमानांची खरी परीक्षा इथे आहे म्हणून यावर जरा जास्त बोलतो.

पिस्टन इंजिनात सिलिंडरच्या त्याच भिंतीला आळीपाळीने थंड हवा आणि आग लागते. रोटरीत तसं नाही, हाउसिंगची एक बाजू कायम थंड हवा आत घेते आणि दुसऱ्या बाजूला कायम जाळ. भाकरी एकाच बाजूने शेकत ठेवली की कडा कशा वर येतात, तसंच धातूचंही होतं, तापलेली बाजू जास्त फुगते आणि हाउसिंग वाकायला बघतं. त्यात १३बी म्हणजे थर लावून बनवलेली चवड आहे, ॲल्युमिनियमचं रोटर हाउसिंग, दोन्ही बाजूंना आणि मधे बिडाच्या प्लेटा, सगळं लांबच लांब बोल्टांनी आवळलेलं. ॲल्युमिनियम जास्त फुगतं, बीड कमी. थरांच्या मधे पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगा असतात. एकदा इंजिन जोरदार तापलं की त्या रिंगा जातात, पाणी आत शिरतं, आणि मग इंजिन उघडण्याशिवाय पर्याय नाही. पिस्टन इंजिन थोडं तापलेलं सहन करतं, रोटरी माफ करत नाही.

दुसरी गोष्ट लोक हमखास विसरतात ती तेलाची. रोटरच्या पोटात पाणी नेता येत नाही म्हणून तो आतून तेलाने थंड केला जातो, आणि इंजिनातून काढायच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश तेलातून बाहेर पडते. १६० हॉर्सपॉवर शाफ्टवर मिळत असेल तर जवळपास तेवढ्याच तोलाची उष्णता पाणी आणि तेल मिळून बाहेर टाकावी लागते, त्यातला तिसरा हिस्सा एकट्या तेलाचा! नवा बिल्डर रेडिएटर मोठा बसवतो आणि तेलाचा कूलर मात्र कुठल्यातरी छोट्या विमानाचा उचलून लावतो, पाणी ठीक राहतं आणि तेल उकळायला लागतं.

सगळ्यात वाईट वेळ म्हणजे उन्हाळ्यातला टेक-ऑफनंतरचा चढ. पॉवर पूर्ण, वेग कमी, म्हणजे उष्णता जास्तीत जास्त आणि हवा कमीत कमी. क्रूझला, म्हणजे चढ संपून विमान सरळ उडायला लागलं की, सगळं आपोआप निवळतं, पण तिथवर पोचायला हवं ना.

मग रेडिएटर अजून मोठा करा? नाही, इथेच बरेच जण फसतात. मोठा रेडिएटर म्हणजे वजन आणि हवेचा विरोध. खरं काम रेडिएटरचं नसून त्याच्या पुढच्या नळकांड्याचं असतं. हवेचं तोंड लहान ठेवायचं आणि मग नळकांडं हळूहळू रुंद करत न्यायचं, त्यामुळे आत आलेली हवा मंदावते आणि तिचा दाब वाढतो, तो दाब तिला रेडिएटरच्या बारीक पत्र्यांमधून ढकलतो. रुंदी एकदम वाढवली तर हवा भिंत सोडून भोवरे करते आणि अर्ध्या रेडिएटरला हवाच लागत नाही. दुसऱ्या महायुद्धातल्या मस्टँग विमानाच्या पोटाखाली जो मोठा स्कूप दिसतो त्याच्या आत हीच करामत आहे. आणि अगदी बारीकसारीक गोष्ट, रेडिएटरची कड आणि नळकांडं यांच्यात बोटभर फट राहिली तर हवा पत्र्यांमधून जायचे कष्ट घेतच नाही, त्या फटीतून सटकते. सिलिकॉन आणि रबराच्या पट्ट्यांनी ती फट बंद करून तापमान खाली आलेली विमानं आहेत. काही बिल्डरांनी तर जनरल मोटर्सच्या गाड्यांमधल्या एसीचे इव्हॅपोरेटर कोअर रेडिएटर म्हणून वापरले, स्वस्त, जाड, आणि चांगलं नळकांडं दिलं तर चोख काम करतात.

पण रोटरीचे अपेक्स सील फुटतात ना?

फुटतात, टर्बो लावून दाब वाढवलेल्या गाड्यांचे. पेट्रोल चुकीच्या वेळी, ठिणगीआधीच किंवा धडाक्याने पेटलं की सीलला हातोडा बसल्यासारखं होतं. टर्बो न लावलेल्या १३बीमध्ये ही भीती बरीच कमी आहे, तिथे सील झिजतात, आणि झिजणं हळू असतं, स्टार्ट व्हायला त्रास, कॉम्प्रेशन कमी, असं आधी कळतं. पहिल्या विमानाला टर्बो लावूच नये.

सीलला तेल मात्र लागतं. गाडीत एक छोटा पंप इंजिनातलंच तेल थेंबथेंब आत सोडतो. विमानवाले बऱ्याचदा तो काढून टाकतात आणि पेट्रोलमध्येच टू-स्ट्रोक ऑइल मिसळतात, लिटरला सात-आठ मिली, जुन्या स्कूटरमध्ये पंपावर मिसळून घ्यायचे त्याच प्रकारचं. रोटरीने तेल खाणं हा बिघाड नाही, त्याची ती गरजच आहे.

हवेत इंजिन बंद पडलं तर?

खरं सांगायचं तर रोटरीच्या विमानात इंजिन बंद पडतं तेव्हा दोष क्वचितच रोटरचा असतो. पेट्रोल पोचत नाही, वायर निघते, कंट्रोलर (ठिणगी आणि पेट्रोल सांभाळणारा कॉम्प्युटर) बंद पडतो, पाण्याची नळी सुटते. लायकॉमिंगमध्ये मॅग्नेटो असतात, ते स्वतःच फिरून ठिणगी देतात, बॅटरी मेली तरी इंजिनाला पत्ता लागत नाही. १३बीला इंजेक्शनचा पंप, कॉइल, कंट्रोलर सगळ्याला वीज हवी. म्हणजे वीज गेली की इंजिन गेलं.

यावर उपाय आहेत आणि ते न करता उडू नये. दोन बॅटऱ्या, दोन पेट्रोल पंप, दोन स्वतंत्र कंट्रोलर, आणि एकावरून दुसऱ्यावर जायला पायलटच्या हाताशी स्विच. विमानासाठी म्हणून बनवलेल्या रोटरी कंट्रोलरमध्ये आत दोन संपूर्ण कॉम्प्युटर असतात ते याचसाठी. आणि वायरिंग करताना प्रत्येक ठिकाणी विचारायचं की हा एक स्क्रू, हा एक फ्यूज, ही एक अर्थिंगची जोडणी गेली तर दोन्ही बाजू एकदम जातील का? उत्तर हो असेल तर दोन बॅटऱ्यांचा काही उपयोग नाही.

पेट्रोलचा दुसरा छुपा शत्रू म्हणजे वाफ. इंजिनाजवळच्या गरम जागेतून जाणारी नळी, वर उंचीवर कमी झालेला हवेचा दाब, पंप टाकीपासून लांब आणि पेट्रोल शोषून वर ओढणारा, हे तीन एकत्र आले की नळीत बुडबुडे होतात आणि पंप नुसती वाफ फिरवत बसतो. म्हणून पंप खाली, टाकीजवळ ठेवायचे, नळ्यांना उष्णतेचं आवरण घालायचं, आणि जास्तीचं पेट्रोल टाकीत परत जाईल अशी रिटर्न लाइन द्यायची.

कुठलं पेट्रोल, आणि पितं किती?

छोटी विमानं अजूनही शिसं घातलेल्या १०० एलएल पेट्रोलवर चालतात. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याने ऑक्टोबर २०२३ मध्ये अधिकृतपणे सांगितलं की विमानांतून पडणारं हे शिसं लोकांच्या तब्येतीला घातक आहे, आणि २०३० च्या अखेरीपर्यंत ते हद्दपार करायचं तिथे ठरलंय. पर्यायी इंधनांवर जुन्या इंजिनांचं कसं होणार ही चिंता आहे. १३बीला त्याचं काही नाही, ते जन्मापासून साध्या, बिनशिशाच्या पेट्रोलवर चाललंय, फार मोठ्या ऑक्टेनचीही त्याला गरज नाही.

'साधं पेट्रोल' म्हणताना आपल्याकडे मात्र थांबावं लागतं, कारण आपल्या पंपावर आता २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढतं, काही प्रकारचं रबर आणि फायबरच्या टाक्यांचं रेझिन खराब करतं, आणि लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी देतं. विमान हँगरमध्ये महिना महिना उभं राहतं, तेवढ्यात टाकीत काय साचेल याची काळजी करायलाच हवी. इंजिन चालेल, इंधनव्यवस्था टिकेल का हा प्रश्न आहे.

खपाबद्दल लपवण्यासारखं काही नाही, रोटरी जास्त पितं. कप्पा लांबट आणि चपटा असतो, आग शेवटच्या कोपऱ्यात पोचायच्या आत धूर बाहेर निघायची वेळ होते. तेवढ्याच ताकदीला लायकॉमिंगपेक्षा साधारण दहा टक्के जास्त धरून चालावं. पण क्रूझला मिश्रण चांगलंच पातळ, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त, करता येतं, जळायला व्हॉल्व्ह नाहीतच, आणि साधं पेट्रोल विमानाच्या पेट्रोलपेक्षा स्वस्त, त्यामुळे तासाचा खर्च बऱ्याचदा बरोबरीत येतो. टाकी मात्र मोठी हवी.

आवाज

भयंकर असतो. धूर व्हॉल्व्हमधून सावकाश न निघता भोकातून एकदम फाटकन बाहेर पडतो आणि तो पाइप लालबुंद करण्याइतका गरम असतो, ९०० अंशांच्या वर. साध्या स्टीलचा सायलेन्सर आतून जळून तुकडे होतो. जाड स्टेनलेस किंवा इन्कोनेल हा उष्णता सोसणारा मिश्रधातू लागतो. आरएक्स-७ नंतर आलेल्या आरएक्स-८ च्या इंजिनात माझदाने धुराची भोकं बाजूच्या प्लेटांमध्ये नेली, ती त्या मानाने शांत आहेत.

एवढं चांगलं आहे तर विमान कंपन्यांनीच का नाही घेतलं?

घेतलं होतं! अमेरिकेच्या कर्टिस-राइटने १९५८ मध्येच लायसन्स घेतलं, आणि लॉकहीडने १९६० च्या दशकाच्या शेवटी त्यांचं इंजिन लावून क्यू-स्टार नावाचं, आवाज न करता टेहळणी करणारं विमान उडवलं. मग १९७३ चं तेलसंकट आलं, जास्त पिणाऱ्या इंजिनात पैसे घालायला कुणी तयार होईना, जनरल मोटर्सनेही आपला रोटरी प्रकल्प गुंडाळला. कर्टिस-राइटचं काम १९८४ मध्ये जॉन डियरने घेतलं, हो, तेच ट्रॅक्टरवाले, तिथेही ते विमानापर्यंत पोचलं नाही. नवं विमान इंजिन सर्टिफाय करायला अफाट पैसा लागतो आणि छोट्या विमानांचा बाजार एवढा लहान की तो पैसा परत येत नाही, मुद्दा इंजिनाच्या लायकीचा कमी आणि हिशोबाचा जास्त होता.

जिथे आकार लहान हवा आणि थरथर नको तिथे मात्र रोटरी टिकलं. जर्मनीच्या श्लायशर कंपनीच्या एएसएच २६ ई या ग्लायडरमध्ये ५० हॉर्सपॉवरचं एक रोटरचं इंजिन १९९० च्या दशकापासून आहे, इंजिन धडात बसलेलं राहतं आणि प्रोपेलर तेवढा पाठीतून वर येतो. अमेरिकी सैन्याच्या शॅडो ड्रोनमध्येही रोटरीच होतं. आणि हे आपल्याकडे फार कमी लोकांना माहीत आहे, भारताने स्वतःचं वांकेल इंजिन बनवून उडवलंय. निशांत या ड्रोनसाठी बंगळुरूच्या एनएएल या विमानसंशोधन संस्थेने आणि आपल्या नगरच्या, म्हणजे आताच्या अहिल्यानगरच्या व्हीआरडीई या डीआरडीओच्या वाहन संशोधन संस्थेने, डीआरडीओच्याच एडीई या संस्थेबरोबर मिळून ५५ हॉर्सपॉवरचं इंजिन तयार केलं, आणि एप्रिल २००९ मध्ये कोलारला ते निशांतमधून उडालं. आधी हे इंजिन परदेशातून यायचं. नगरच्या माणसांनी यावर हात काळे केलेत याचा मला मनापासून अभिमान वाटतो, आणि याबद्दल मराठीत जवळजवळ काहीच लिहिलं जात नाही याचं वाईटही वाटतं.

आता कुणी सुरुवात करावी का?

पैसे वाचतील एवढ्याच आशेने करत असाल तर नको. इंजिन स्वस्त मिळतं, पण ड्राइव्ह, कंट्रोलर, रेडिएटर, कूलर, माउंट, एक्झॉस्ट धरले की बचत बरीच आटते, आणि वजनकाट्यावर सगळं चढवलं की ते लायकॉमिंगच्या आसपासच भरतं, बिडाच्या त्या प्लेटा जड असतात. वेळ तर वर्षभर जास्त धराच. ज्याला स्वतः वेल्डिंग, वायरिंग करायला आवडतं, तापमानाचे आकडे लिहून ठेवायचा कंटाळा येत नाही आणि नळकांडं तिसऱ्यांदा कापून परत बनवायची तयारी आहे त्यानेच यात पडावं. इंजिन आधी जमिनीवर स्टँडवर, प्रोपेलर लावून, तासनतास चालवायचं, विमान बांधून झाल्यावर नाही.

सुट्या भागांचा प्रश्न वाढतोय. आरएक्स-८ २०१२ मध्ये बंद झाली, भंगारातल्या चांगल्या इंजिनांचे दिवस संपत आलेत. म्हणूनच एमएक्स-३० मधल्या नव्या इंजिनाकडे मी बारकाईने बघतोय. एकच रोटर, ८३० सीसी, ७५ च्या आसपास हॉर्सपॉवर, बाजूच्या प्लेटा बिडाऐवजी ॲल्युमिनियमच्या, त्यामुळे १५ किलोहून जास्त वजन कमी झालंय, आणि अपेक्स सील दोन मिलीमीटरचं अडीच केलंय. गाडीत ते जनरेटर म्हणून ठरलेल्या लोडवर सलग चालतं, विमानालाही असंच चालणारं इंजिन लागतं. दोन आसनी हलक्या विमानाला एवढी ताकद पुरते. त्याला बसेल अशी ड्राइव्ह आणि स्वतंत्र कंट्रोलर एवढं आता कुणीतरी बनवायला हवंय.